वाणाचा आरसा

तळहाताएवढा आरसा. लाल प्लॅस्टिकची चौकट, मागे टांगायला पत्र्याची कडी. १९९७ च्या जानेवारीत बोईसरच्या बाजारातून मी असे बारा आरसे घेतले आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटले. त्या वर्षी आळीत सगळीकडे प्लॅस्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या वाटल्या जात होत्या. आमच्याकडे नऊ जणी आल्या. नऊही जणींच्या घरी कंबरेखाली जीव नसलेला माणूस होता, एकीचा आदल्या वर्षी गेलेला. आरसा कशासाठी हे त्यांतल्या चौघींना ठाऊक होतं, बाकीच्या पाच जणींना त्या दुपारी कळलं.

हा आरसा आमच्यापर्यंत कसा येऊन पोचला ते मला लिहून ठेवायचं आहे. ज्यांना हे माहीत होतं त्यांतल्या बऱ्याच जणी आता राहिल्या नाहीत आणि कुठल्याच कागदावर त्यांचं काही नाही.

माझं माहेर चिंचणीचं. किनाऱ्याला ताडामाडांची झाडं, ताडी काढायला माणसं रोज चढणार, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत कुणी ना कुणी पडल्याचं कानावर यायचंच. मी सात-आठ वर्षांची असताना आमच्या मागच्या वाडीतला एक जण ताडावरून पडला. पाय हलेनात. त्याला पडवीत बाजेवर ठेवलं. बाजेच्या सुंभाची वीण मधोमध सोडवून खाली मडकं ठेवलेलं मला आठवतं आणि त्याची बायको सकाळ-संध्याकाळ ते उचलून नेताना दिसायची. पावसाळा संपता संपता तो गेला. पाठीला पडलेली जखम हाडापर्यंत गेली होती, असं आई हळू आवाजात सांगायची. त्या बाईला कुणी काही शिकवलं नव्हतं. शिकवणार कोण? तिच्याआधी ज्या बायांवर ही पाळी आली, त्यांचेही नवरे एका पावसाळ्यातच गेलेले.

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की हे फक्त आमच्या चिंचणीचं नव्हतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या एका वैद्यकीय पपायरसात मानेचा मणका मोडलेल्या रुग्णाला हात लावू नये, असा सल्ला आहे. पहिल्या महायुद्धातले मणका मोडलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत दगावले. मणक्यापेक्षा बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने मेले म्हणायला हवं. १ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी वेगळा विभाग सुरू केला. ते जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर. त्यांचा पहिला नियम साधा होता: दिवस असो की रात्र, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. माणसं जगू लागली. २९ जुलै १९४८ ला त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या जखमींचे खेळ भरवले, त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपले मुरलीकांत पेटकर या पॅरालिम्पिकमधलेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या पेठ इस्लामपूरच्या या जवानाने १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं.

हा इतिहास वाचताना मी प्रत्येक वेळी एकाच जागी थांबते. रुग्णालयात रात्री दोनला आणि चारला कूस बदलायला परिचारिका होत्या, पाळ्या होत्या. माणूस घरी आला, पुढे तीस वर्षं जगला. घरी रात्री दोनला कोण उठलं? गुटमानांच्या आधी हा प्रश्नच नव्हता, कारण घरी येण्याइतका माणूस जगतच नव्हता. आमची जात, म्हणजे अशा माणसांच्या बायकांची जात, जगात फार जुनी नाही. म्हणून आजी-पणजीकडे आम्हाला द्यायला काही नव्हतं. बाळंतिणीला काय खाऊ घालावं ते हजार जणी सांगतील. हे सांगणारी एकही नव्हती.

आमच्याकडे सोयी हळूहळू उभ्या राहिल्या. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. शीवच्या रुग्णालयात पॅराप्लेजिक फाउंडेशन १९६८ ला सुरू झालं. सैनिकांसाठी खडकीचं केंद्र १९७४ चं. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात चाकाची खुर्ची आली, तेव्हा त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी. तेही कंबरेपासून अधू, तरी स्वतःची गाडी स्वतः चालवणारे. नसीमाताईंनी पुढे १९८४ ला ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ काढली आणि ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात हे सगळं लिहून ठेवलं. ते पुस्तक मी तीनदा वाचलं आहे. ज्याच्यावर तेच संकट आलंय त्याचा शब्द डॉक्टरच्या शब्दापेक्षा खोल जातो, हे त्यात पानोपानी आहे. पण खुर्ची ढकलणाऱ्या माणसाचा बाबूकाका कोण?

यांचा अपघात १९९४ च्या जुलैचा. तोवर आमचा किनारा बदलला होता. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम १९६४ ला सुरू झालं, १९६९ ला वीज आली. एमआयडीसीने बोईसरजवळ जमीन घेतली, रसायनांचे, औषधांचे, कापडाचे कारखाने आले. ताडावरून पडणारी माणसं कमी झाली आणि शेडवरून पडणारी वाढली. सिमेंटचे पत्रे जुने झाले की वरून धड दिसतात, पाय पडला की बिस्किटासारखे मोडतात. पहिल्या पावसात शेड गळायला लागली, हे फिटर होते, यांना वर चढवलं. वीस फूट. खाली मशीनचा चौथरा. कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याने आता काही व्हायचं नाही.

बाराव्या मणक्याला मार बसला होता. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दोन महिने काढले. घरी पाठवताना मला एक कागद दिला, त्यावर औषधांची नावं होती. कूस बदलत राहा, एवढं तोंडी सांगितलं. यांचं वजन तेव्हा बहात्तर किलो, माझं बेचाळीस. निघायच्या दिवशीच यांना वळवताना माझ्या कमरेत लचक भरली आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन रडत बसले.

बाकावर सफाळ्याकडची एक बाई बसली होती, पन्नाशीची, काष्टा नेसलेली. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी रेल्वेतून पडलेला. तिने मला रडू दिलं. मग विचारलं, “वळवतेस कशी?” मी हात करून दाखवलं. ती म्हणाली, “बाय, माणूस ओढू नको. चादर ओढ.” आणि मला आत नेऊन दाखवलं. चादर चौघडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घालायची. पलीकडचा गुडघा आधीच वाकवून ठेवायचा, हात छातीवर घ्यायचा. मग आपला एक गुडघा खाटेवर टेकवून चादरीची कड दोन्ही मुठींत गुंडाळायची आणि हातांनी न ओढता आपणच मागे बसायचं. आपल्या वजनाने माणूस वळतो. मी केलं. बहात्तर किलोचे हे एका दमात कुशीवर आले. दोन महिने त्या वॉर्डात राहून मला हे कुणी दाखवलं नव्हतं. दोष देत नाही. तिथे एका परिचारिकेकडे चाळीस खाटा होत्या.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तपासणीचा नंबर असायचा. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती, ती २०१३ ला आली. विरार-डहाणू शटलने जायचं, विरारला गाडी बदलायची. यांना दर खेपेला नेणं शक्य नसे, मी कागद आणि लघवीचा नमुना घेऊन एकटीच जायची. सफाळ्याची ती बाय त्याच मंगळवारी यायची. मग पालघरची एक भेटली, केळव्याची एक, वाणगावची एक. बायकांच्या डब्यात मासळीच्या पाट्यांमध्ये उभं राहून आम्ही जे बोललो, ती माझी शाळा. कॅथेटरची पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे. पाणी कमी पाजून लघवी कमी करायची नाही, नळी चोंदते. एक दिवसाआड ठरलेल्या वेळी पोट साफ करून घेतलं की माणूस चारचौघांत बसू शकतो. मणका छातीच्या सहाव्या किंवा त्याहून वरच्या पातळीला दुखावला असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर आधी माणसाला उठवून बसवायचं आणि नळी कुठे पिळली आहे का ते पाहायचं, रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढलेला असतो. वाणगावच्या बाईने हे एकदा ऐकलं आणि पंधरा दिवसांनी त्याच ज्ञानाने तिचा नवरा वाचला.

सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. लाल झालेल्या जागेवर आम्ही स्पिरिट चोळायचो. रबराची हवेची रिंग बुडाखाली द्यायचो आणि एकमेकींना ती कुठे स्वस्त मिळते तेही सांगायचो. चोळल्याने आतलं मांस आणखी फाटतं, रिंगने भोवतालचं रक्त अडतं, हे पुढे कळलं. यांच्या माकडहाडावरची पहिली जखम त्या रिंगनेच झाली. पाच महिने ती भरत होती. तोंडी चालणारी विद्या चूकही तितक्याच प्रेमाने पुढे देते, हे मी त्या पाच महिन्यांत शिकले.

आता हळदीकुंकवाकडे येते. हे पडल्यानंतर आळीतली आमंत्रणं कमी झाली. एका घरी मला कुंकू लावताना कुणीतरी मागून म्हणालं, नवरा आहे, पण नसल्यासारखाच. मी तिळगूळ न घेता उठून आले. सवाष्णीचा हा सण विधवेला दाराबाहेर ठेवतो, तो अन्याय जुना आहे आणि तो मला आधी कधी टोचला नव्हता, याची आज लाज वाटते. आम्हाला तर सणाने आतही घेतलं नाही आणि बाहेरही ठेवलं नाही. मंगळवारच्या गाडीत हे सांगितलं तेव्हा केळव्याची वहिनी म्हणाली, “मग आपलं आपण करू की.” तसं ते १९९७ चं हळदीकुंकू ठरलं. सफाळ्याच्या बायचा नवरा आदल्या वर्षी गेला होता. ती येईना. तिच्या घरी मी स्वतः गेले, हाताला धरून आणलं आणि पहिलं वाण तिला दिलं. माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन तिच्यासाठी पाट घेऊन आल्या.

आरशाची कल्पना सफाळ्याच्या बायचीच. वॉर्डात तिने एका जुन्या रुग्णाला स्वतःच्या टाचा आरशात बघताना पाहिलं होतं. आम्ही सगळ्याजणी नवऱ्याची पाठ स्वतः तपासायचो, सकाळी आणि रात्री, वर्षानुवर्षं. ती म्हणाली, “आरसा त्याच्या हातात द्या. त्याची पाठ आहे, त्याला बघू द्या. तुम्ही तेवढ्या वेळात झोपा.” खोलीत कुणीच बोलेना. झोपेचा शब्द आमच्यापैकी कुणी इतक्या वर्षांत मोठ्याने उच्चारला नव्हता. रात्री बाराला, दोनला, चारला गजर लावून आम्ही ज्या उठत होतो, त्याची तक्रार करणं म्हणजे नवऱ्याच्या मरणाची वाट बघण्यासारखं वाटायचं. त्या रात्री मी यांना आरसा दिला. यांनी तो मागे धरला, हात फिरवत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “डावीकडे लाल आहे. बोटाने दाबलं तर पांढरं होतंय.” म्हणजे जागा धोक्याबाहेर होती. अपघातानंतर पहिल्यांदा यांच्या अंगाची बातमी यांनी मला दिली.

मग आमच्या ओट्यावर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचं ठरलं. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी चहापुरती. तिथे जे जे आलं त्यातलं नळीचं तेवढं सांगते. यांना कायमची नळी होती, दर दोन-तीन महिन्यांनी ताप. अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ लाच दाखवून दिलं होतं की दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करावं, आणि त्यासाठी निर्जंतुक हातमोजे, ट्रे काही लागत नाही, साबणाने धुतलेले हात पुरतात. गुटमानांच्या पद्धतीत हेच निर्जंतुक करून करायचे, म्हणून ते रुग्णालयातच राहिलं. लॅपिडीसनी ते मोरीत आणलं. आमच्या ओट्यावर यायला त्याला जवळजवळ पंचवीस वर्षं लागली. पालघरची ताई एका फिजिओकडून शिकून आली, तिने आम्हाला शिकवलं, आणि पुन्हा तेच झालं: नळी घालायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. माझे दिवसाचे चार फेरे वाचले. पहिल्यांदा मी एकटी डहाणूला महालक्ष्मीच्या जत्रेला जाऊन आले.

नवरा-बायकोच्या नात्याचं विचारायला आम्हाला सहा वर्षं लागली. डॉक्टरांनी लघवीचं, संडासचं सगळं विचारलं होतं, हे कधीच नाही. एका रविवारी नवी आलेली, चोविशीतली मुलगी अचानक म्हणाली, “मी त्यांची आई झालेय. बायको कशी होऊ?” मोठ्या जणींनी आधी पदर तोंडाला लावले. मग केळव्याची वहिनी सावकाश, नीट शब्दांत बोलली. साफसफाईच्या वेळा आणि जवळ बसण्याच्या वेळा वेगळ्या ठेव, साडी बदलून जा, जिथे त्याला स्पर्श कळतो तिथे हात ठेव, मूल हवं असेल तर लाज न धरता डॉक्टरला विचार, उपाय असतात. एवढंच. त्या मुलीला पुढे मुलगी झाली.

आणि एक पुरुष यायचा. यंत्रमागावर काम करणारा, उत्तर प्रदेशातून आलेला. त्याची बायको दोरीवर कपडे वाळत घालताना गच्चीवरून पडली होती. गावाहून सगळे सांगत होते, तिला माहेरी पाठव, दुसरी कर. तो ओट्याच्या पायरीवर बसायचा, वर यायचा नाही, दीड वर्ष. बायका जखमी झाल्या की नवरे राहत नाहीत, असं आम्हीच धरून चाललो होतो, पुष्कळ ठिकाणी ते खरंही होतं. त्याने चादर ओढायची युक्ती शिकून घेतली आणि आम्हाला व्हीलचेअरचं पुढचं चाक गुंतलेल्या केसांतून कसं सोडवायचं ते शिकवलं.

जगात दुसरीकडेही हे चाललं होतं, आम्हाला खबर नव्हती. अमेरिकेत १९८८ ला आजारी माणसांच्या धडधाकट जोडीदारांनी आपली संघटना काढली, ‘वेल स्पाउस’ नावाची. १९९५ ला घोड्यावरून पडून ख्रिस्तोफर रीव्ह या नटाची मान मोडली आणि त्याची बायको डेना घराघरांत ठाऊक झाली. त्याच १९९५ साली मुंबईच्या डॉ. केतना मेहता पॅराग्लायडिंग करताना पडल्या, आणि २००१ ला त्यांनी नीना फाउंडेशन उभारलं. मणका दुखावलेल्यांसाठी मुंबईत हक्काचं दार झालं. आमच्यातल्या दोघी तिथे जाऊन आल्या.

कायद्याने आमच्याकडे फार उशिरा पाहिलं. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा कामगाराची कमाई किती बुडाली ते मोजायचा. त्यात बायको ‘अवलंबित’ म्हणून यायची ती नवरा मेल्यावर. तो जगला तर ती कुठेच नाही. संजय गांधी निराधार योजना १९८० ची, तीही त्याच्या नावाने. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या आली. पैसे घेऊन वा न घेता काळजी घेणारं घरचं माणूस त्यात धरलं आणि कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद झाली. ५ फेब्रुवारी २०२० च्या काजल विरुद्ध जगदीश चंद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपघातात जायबंदी झालेल्या मुलीसाठी देखभाल करणाऱ्या माणसांचा खर्च सगळ्या आयुष्याचा हिशोब धरून दिला. वर्तमानपत्रात ते वाचलं तेव्हा मी ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. रात्री दोनच्या उठण्याला रुपयांत किंमत आहे, असं देशाचं न्यायालय म्हणालं होतं. त्यातलं आमच्या हातात काही पडलं नाही, पण पालघरची ताई तो कागद अजून पाकिटात ठेवते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. माणसं घराबाहेर झोपू लागली. वाणगावच्या बाईचा रात्री अडीचला फोन आला, तिचा नवरा खाटेवर, ती दारात, घर हलतंय. तिला चादरच आठवत नव्हती. मी फोनवर सांगितलं, चादरीसकट खाली घे, चादरीसकट अंगणात ओढ. तिने ओढलं. उजाडेपर्यंत दोघं चादरीवर अंगणात बसून होती.

आता ओट्यावर चौघी-पाच जणी उरलो. हेही थकले, आरसा धरताना यांचा हात थरथरतो. गेल्या संक्रांतीला विक्रमगडकडची एक नवी सून आली, नवरा मोबाइलच्या टॉवरचं काम करताना पडलेला. मी तिला सुगडासोबत आरसा दिला. तिने तो घेतला, कपाळाला लावला, मग आपला फोन काढून दाखवला. नवऱ्याच्या टाचेचा, माकडहाडाचा रोजचा फोटो, प्रत्येकावर तारीख. कालचा आणि आजचा शेजारी ठेवून ती म्हणाली, “काकू, आरशाला कालचं आठवत नाही ना.” खाटेवरून यांनी ते ऐकलं. फोन मागून घेतला, आणि तिच्याकडून फोटो कसा काढायचा ते शिकत बसले.